हॉलंडने समुद्र हटवला, म्हणे!

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा विषय निघाला, की बोलण्यात हॉलंड आल्याशिवाय राहत नाही. बंदराच्या बाजूचा म्हणतो, त्यांनी समुद्र हटवून देश वसवला, मग आपल्याला एक बंदर जमणार नाही का? विरोधातला म्हणतो, समुद्राशी खेळून तो देश बुडायला आला, तेच आता आपल्या दारात आणायचं का? दोघांच्याही डोळ्यांसमोर पवनचक्क्या, दुधाळ गाई आणि 'सिलसिला' चित्रपटातले ट्यूलिपचे ताटवे असतात. देश त्याहून बराच वेगळा आहे, आणि त्याचा खरा इतिहास इथल्या वादाला जास्त उपयोगी पडणारा आहे.

आधी नाव. देशाचे नाव नेदरलँड्स. हॉलंड हा त्याचा एक भाग. देशात 12 प्रांत आहेत आणि त्यांतले दोन म्हणजे उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड. अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम ही व्यापारी शहरे याच दोन प्रांतांत, म्हणून जगभर तेच नाव रुळले. 2020पासून सरकारने स्वतःच्या प्रसिद्धीतून 'हॉलंड' काढून टाकले. राजधानी अ‍ॅमस्टरडॅम, पण संसद आणि सरकार बसते ते हेग शहरात. एवढे पुरे.

आता मोठा गैरसमज: अख्खा देश समुद्रसपाटीच्या खाली आहे. तसे नाही. समुद्रसपाटीखालचा भाग सुमारे 26 टक्के आहे. ही चूक फक्त चहाच्या टपरीवर होते असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या 2007च्या अहवालात '55 टक्के भाग समुद्रसपाटीखाली' असे छापले गेले आणि 2010 साली ते दुरुस्त करावे लागले. मुळात तो आकडा पुराचा धोका असलेल्या जमिनीचा होता. त्यात 26 टक्के समुद्राच्या पातळीखालचे आणि उरलेले 29 टक्के नद्यांच्या पुराच्या तोंडावरचे. ऱ्हाइन आणि मास या नद्या तिथेच समुद्राला मिळतात, त्यामुळे पाणी पुढून येते तसे मागूनही येते. सर्वांत खोल जागा रॉटरडॅमजवळ, समुद्रसपाटीच्या 6.76 मीटर खाली. दक्षिणेच्या टोकाला मात्र 322 मीटर उंचीचा फाल्सरबर्ग आहे. आपल्याकडच्या माणसाला तो डोंगर वाटणार नाही, त्यांना वाटतो.

मग हा खोलगट भाग आला कुठून? 'समुद्र हटवला' या समजुतीला खरा धक्का इथे बसतो, कारण या जमिनीचा बराच भाग एके काळी समुद्राच्या वर होता. तो खाली गेला माणसांमुळेच.

पश्चिम नेदरलँड्समध्ये हजार वर्षांपूर्वी पीटची दलदल होती. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्यात साचत गेलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. साधारण दहाव्या-अकराव्या शतकापासून शेतकऱ्यांनी त्यात चर खणले, पाणी काढून दिले आणि शेती सुरू केली. पाणी गेले तशी ती जमीन आक्रसली, ओली गोवरी उन्हात आक्रसते तशी. शिवाय हवा लागल्यावर पीट कुजून विरत जाते, म्हणजे जमीन नुसती दबत नाही, नाहीशीही होते. पिढ्यान्‌पिढ्या ती खाली गेली. उरलेले पीट जळणासाठी खणून विकले, त्या खड्ड्यांची तळी झाली आणि वादळात तळ्यांचे काठ ढासळून तळी वाढत गेली. आता समुद्र वर आणि शेत खाली, म्हणून बांध. बांध घातला की आतले पाणी अडते, म्हणून ते उपसायचे. उपसले की जमीन आणखी वाळते आणि आणखी खचते. हे चक्र आजही थांबलेले नाही.

आपल्या खाजणाशी ताडून पाहिले की हे चटकन कळते. कोकणात खाडीकाठी बांध घालून खारी जमीन भातशेतीखाली आणायची रीत जुनी आहे, आणि त्यासाठी 1979चा स्वतंत्र खारभूमी विकास कायदाही आहे. बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिचे दार आतल्या पाण्याने उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटते. नेदरलँड्सच्या लोकांनी, म्हणजे डचांनीही सुरुवात नेमकी अशीच केली. फरक पुढे पडला. आपले खाजण ओहोटीच्या पातळीच्या वर आहे, म्हणून पाणी स्वतःच्या वजनाने निघून जाते. त्यांची जमीन खचत खचत ओहोटीच्याही खाली गेली, तेव्हा उघाडी निकामी झाली आणि पाणी उचलून टाकायला पवनचक्की लागली. पवनचक्की हे जिंकल्याचे चिन्ह वाटते, खरे तर ती नाइलाजाने आली.

आणि आज देशाचा उपसा तिच्यावर चालत नाही. चक्क्यांनी बेमस्टरचे तळे 1612 साली कोरडे केले हे खरे, पण हार्लेमरमेर हे मोठे तळे उपसायला वाफेची तीन इंजिने लागली. ते काम 1852 साली पुरे झाले. अ‍ॅमस्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ याच तळ्याच्या तळाशी आहे, म्हणजे विमान उतरते ते समुद्रसपाटीच्या खाली. आज डिझेल आणि विजेचे पंप बारा महिने चालतात.

बांधाच्या भोकात बोट घालून रात्रभर गाव वाचवणाऱ्या मुलाची गोष्ट अनेकांनी इंग्रजीच्या पुस्तकात वाचली असेल. ती डच लोककथा नाही. अमेरिकन लेखिका मेरी मेप्स डॉज यांच्या 1865च्या कादंबरीमुळे ती जगभर गेली. पर्यटक विचारत येतात म्हणून डचांनी 1950 साली त्या मुलाचा पुतळा मात्र उभारला. व्यापारी देश आहे!

खरा बांध कुणा एकाच्या बोटाने टिकत नाही. पूर्वी प्रत्येक जमीनधारकाच्या वाट्याला बांधाचा ठरावीक तुकडा यायचा आणि तो त्यानेच राखायचा. त्यातूनच तेराव्या शतकापासून पाणीमंडळे उभी राहिली. आज अशी 21 मंडळे आहेत. त्यांच्या निवडणुका दर चार वर्षांनी होतात आणि ती स्वतःचा कर वसूल करतात. आपल्याकडे खारबांध फुटला की तो कुणाचा, यावरच निम्मा पावसाळा जातो. नेदरलँड्सकडून एकच गोष्ट उचलायची झाली तर मी पंपाआधी हे मंडळ उचलेन.

एवढे करूनही 1953 साली, 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारीच्या मधल्या रात्री, वादळी भरतीने नैऋत्येकडचे बांध फोडले. 1,836 माणसे मेली. त्यानंतर समुद्र अडवायला झालेली प्रचंड 'डेल्टा' बांधकामे बऱ्याच जणांना ठाऊक असतात. अशा कामांमागे झालेली भांडणे मात्र कुणी सांगत नाही, आणि झाईपासून डहाणू-वाढवणपर्यंतच्या मच्छीमारांनी ऐकावे असे त्यातच बरेच आहे.

समज असा, की त्या देशात मच्छीमार कधी आडवा आला नाही, किंवा आला तरी त्याला कुणी विचारले नाही. पहिली गोष्ट 1953च्या आधीची. झाउडर झे नावाचे मोठे आखात होते. 1916च्या पुरानंतर ते समुद्रापासून तोडायचे ठरले आणि 32 किलोमीटरचा बांध 1932 साली पुरा झाला. आतले पाणी हळूहळू गोडे झाले. हेरिंग आणि अँकोव्ही ही मासळी संपली. पण बांध पुरा होण्याच्या सात वर्षे आधी, 1925 साली, या मच्छीमारांच्या मदतीसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला होता. मदत तुटपुंजी असल्याची तक्रार पुढे बरीच वर्षे चालली. तरी नुकसान होणार हे आधी मान्य केले होते आणि कायद्यात लिहिले होते. त्या आखातातले उर्क हे बेट 1939 साली जमिनीला जोडले गेले. तिथले लोक मासेमारी सोडून शेतीकडे वळतील असा अंदाज होता. ते बाहेरच्या उत्तर समुद्रात गेले, आणि उर्क आजही मासळीचे मोठे केंद्र आहे.

दुसरी गोष्ट ऑस्टरस्खेल्डे खाडीची. 1953च्या पुरानंतर तिचे तोंड कायमचे बंद करायचे ठरले होते आणि काम सुरूही झाले होते. तेव्हा कालवे आणि शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी एकत्र उभे राहिले. भरती-ओहोटी थांबली तर खाडी मरेल, एवढेच त्यांचे म्हणणे. सत्तरच्या दशकात सरकारने आराखडा बदलला. भरीव बांधाऐवजी 62 पोलादी दरवाजे बसले. एरवी ते उघडे असतात आणि पाणी तीन मीटरच्या वर चढण्याचा अंदाज असेल तेव्हाच खाली येतात. खर्च खूप वाढला, वेळही लागला. 1986 साली राणी बेआट्रिक्सने उद्घाटन केले. जगभर डच अभियांत्रिकीचा नमुना म्हणून ज्याचा फोटो छापतात, ते बांधकाम मच्छीमारांच्या विरोधामुळे तसे झाले आहे.

1995मध्ये नद्यांना पूर आला आणि सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर तीसहून जास्त ठिकाणी नदीला जागा करून देण्याची कामे झाली. नायमेगन शहरासमोर बांध 350 मीटर मागे घेतला आणि त्यासाठी पन्नासेक घरे हलवली. पाणी अडवण्यात सर्वांत तरबेज असलेल्या लोकांनीच काही बांध मागे सरकवले.

ट्यूलिपविषयी थोडे. फूल मूळचे तिथले नव्हे, तुर्कस्तानमार्गे आले. 1637च्या ट्यूलिप-सट्ट्यात अख्खा देश भिकेला लागला, हीही फुगवलेली कथा. इतिहासकारांनी दप्तरे धुंडाळली तेव्हा तसा सार्वत्रिक नाश सापडला नाही.

'त्यांचा आपल्याशी काय संबंध' असेही ऐकू येते. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1637 साली वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. आणि डहाणूचा संबंध तर अगदी अलीकडचा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना वारली चित्रांसाठी 2009 साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला. भारत सरकारची पद्मश्री त्यानंतर, 2011 साली आली.

शेवटी वाढवण. तिथे होणार आहे तो डच पोल्डर नव्हे. पोल्डर म्हणजे बांध घालून उपसलेली, समुद्राच्या खाली राहणारी जमीन. वाढवणला समुद्रात वाळू टाकून, पाण्याच्या वर, सुमारे 1,448 हेक्टर भराव होणार आहे. जून 2024मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेला प्रकल्पखर्च 76,220 कोटी रुपये आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 साली इथले बंदर नाकारले होते आणि जुलै 2023मध्ये परवानगी दिली. पंप, पवनचक्क्या, खचणारे पीट यांतले काहीच इथे लागू नाही. पाऊसही वेगळा: तिथे वर्षभर थोडाथोडा मिळून साधारण 850 मिलिमीटर, इथे त्याच्या दुपटीहून जास्त आणि तोही चार महिन्यांत.

तुलना करायचीच तर रॉटरडॅमच्या मासव्लाक्टे-2 या बंदरविस्ताराशी करावी. तोही वाळूचाच भराव, सुमारे 2,000 हेक्टरचा, 2008 ते 2013 या काळात झालेला. पण त्याची परवानगी 2005 साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने अडवली होती. आक्षेप घेणाऱ्यांत मच्छीमार होते, आणि माशांच्या पिलांच्या वाहत जाण्यावर काय परिणाम होईल याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अभ्यास पुन्हा झाला, मग काम सुरू झाले. भरावाच्या बदल्यात जवळच्या समुद्रातला 25,000 हेक्टरचा तळ संरक्षित म्हणून राखून ठेवावा लागला.