मण्यार चावते तेव्हा दुखत नाही

परळ-लालबागच्या आपल्या वस्त्यांत उंदीर आहेत, म्हणून सापही येतात. पावसात बहुधा धामण नाहीतर दिवड दिसते. दोन्ही बिनविषारी, त्यांना मारू नका. आम्हाला खरी धास्ती मण्यारची, विशेषतः गावी गेल्यावर. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, दाताची खूणही कित्येकदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही. घरचे समजतात अपचन झाले, आणि ओवा देत बसतात. इथेच माणूस हातचा जातो.

दोरी आवळू नका, जखम कापू-चोखू नका. मंत्राने विष उतरत नाही. बिनविषारी साप चावलेला आपोआप बरा होतो आणि नाव मांत्रिकाचे होते. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-पैंजण काढा, १०८ ला फोन करा. इथे केईएम, नायर. गावी जवळचे सरकारी रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते. ती बनवत आलेली हाफकिन संस्था १८९९ पासून आपल्या परळलाच आहे!

खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात.