बिऱ्हाडाने राखलेली घरे : महाड-पोलादपूरचा मागोवा

सावित्रीच्या काठावरील महाड ही मूळची बंदरपेठ. घाटावरून उतरलेला माल येथे होड्यांत भरावा आणि भरती-ओहोटीच्या पाण्याने बाणकोटच्या खाडीकडे जावा, हा तिचा पिढीजात व्यवहार. १७९६ मध्ये नाना फडणीस आणि १८०२ मध्ये दुसरा बाजीराव या दोघांनीही पुण्यातील धामधुमीतून निसटून काही काळ याच गावाचा आश्रय केला. पुढे १८६६ साली नगरपालिका स्थापन झाली, मामलेदार कचेरी, न्यायालय आणि शाळा यांचा विस्तार झाला आणि बदलीच्या हुकमाने आलेला कारकून व शाळामास्तर यांच्या रूपाने गावातील जुन्या घरांना एक नवा रहिवासी लाभला, तो म्हणजे बिऱ्हाडकरू.

अशाच एका घरात माझे बिऱ्हाड दीर्घकाळ होते. जाड भिंती, पडवी, माजघर, कोनाडे, वर लाकडी माळा आणि कौलारू छप्पर अशी ती वास्तू कोणत्याही स्थापत्यग्रंथात नोंदली गेलेली नाही. परंतु वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात ती उभी का राहिली, याचे उत्तर तिच्यात राहिल्यावाचून उमगत नाही. वैशाखात कौले उतरवून फुटकी बदलावयाची, कुजलेल्या रिपा काढावयाच्या, पन्हळी साफ करावयाच्या. या शाकारणीचा खर्च मालकाचा आणि देखरेख बिऱ्हाडकरूची, अशी बहुधा तोंडी ठरलेली, पण निष्ठेने पाळली जाणारी वहिवाट असे. चुलीचा धूर वासे किडीपासून राखी आणि पहिल्या सरीला कोठे थेंब पडतो, हे घरात माणूस असल्यामुळेच कळे.

मात्र या वहिवाटीचे गोडवे गाताना तिची काळी बाजू झाकणे हा सत्याचा अपलाप ठरेल. भाडे ठरण्यापूर्वी जात विचारली जाई, आणि कित्येकांना ओटीवरूनच परत जावे लागे. नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे सर्वांस खुले केले असतानाही ते पाणी प्राशन करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातील त्यांच्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपासाठी गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. महाडात जागा देणे अथवा नाकारणे हा केवळ मालमत्तेचा प्रश्न कधीच नव्हता, याची याहून स्पष्ट साक्ष कोणती?

स्वातंत्र्याबरोबर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. ज्या गावांना तो लागू झाला, तेथे भाडेकरूस संरक्षण मिळाले खरे. परंतु भाडे गोठले, महागाई वाढत राहिली आणि शाकारणीचा खर्च वर्षाच्या भाड्याहून जड होऊ लागला. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस परवान्याने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे हक्क दिले, तेव्हा एकदा दिलेले घर परत मिळणार नाही, हे भय मालकांच्या मनात पक्के बसले. त्याच सुमारास पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून तरुण मुंबईच्या गिरण्यांकडे जातच होते. मागे राहिलेल्या घरांना कुलपे लागली. बंद घराचा अंत फार साधा असतो : वानराने एक कौल सरकवावे, ते कोणाला दिसू नये आणि एका पावसाळ्यात पाणी तुळईपर्यंत पोहोचावे.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने करारनामा लेखी व नोंदणीकृत असण्याची सक्ती केली आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. तोवर पुष्कळ वास्तू जमीनदोस्त होऊन त्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडातील तारिक गार्डन ही पाच मजली, फार जुनी नसलेली इमारत कोसळून सोळा जीव गेले. नवे ते भक्कम, ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली. पुढल्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, महापुराने बाजारपेठ बुडवली, तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही अनर्थ झाला. डोंगर कोसळतो तेथे जुने घरही तरत नाही. परंतु पेठेतील पुरात माळ्याने अन्नधान्य आणि कागदपत्रे वाचवली, हे मी पाहिले आहे.

अशी घरे राखण्याचा एक मार्ग परदेशात सापडतो. स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने १९६० साली फाइफ परगण्यातील जुनी लहान घरे विकत घ्यावयाची, दुरुस्त करावयाची, जतनाच्या अटी घालून विकावयाची आणि आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यावयाचे, अशी योजना आरंभिली. राजवाडे राखणारे पुष्कळ. सामान्यांची घरेही वारसा आहेत, हे तिने ओळखले. आपल्याकडे तसा निधी उभा राहीपर्यंत मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या घरमालकांना माझी कळकळीची विनंती आहे : घर कुलपात कुजू देऊ नका. नोंदणीकृत करार करा, भाड्यातील ठरावीक हिस्सा छपरासाठी राखून ठेवा, शाकारणी कोणी करावयाची ते करारातच लिहा आणि येणाऱ्या कुटुंबाची जात विचारू नका. जुने घर राखण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय त्यात कोणी तरी नांदणे हाच आहे.