उसनी कथा आणि शुद्ध अक्षर

दुसऱ्यानें निर्माण केलेलीं पात्रें घेऊन त्यांच्या नव्या गोष्टी रचण्याचा छंद हल्लींच्या तरुण मंडळींत पुष्कळ वाढला आहे. एखादी कादंबरी मनास इतकी भावते कीं, ती संपली हें मान्य करावयास मन तयार होत नाहीं. मग वाचक स्वतःच लेखणी उचलतो आणि नायिकेच्या धाकट्या बहिणीचें पुढें काय झालें, खलपुरुषाचें बालपण कसें गेलें, हें लिहूं लागतो. इंग्रजी जाणणारे या प्रकारास फॅन फिक्शन म्हणतात. आपण चाहत्यांचें लेखन म्हणूं. अशा लेखनांत शुद्धलेखनास व व्याकरणास कितपत महत्त्व द्यावें, असा वाद घरोघर निघतो. लिहिणारीं मुलें म्हणतात, "आम्ही हौसेनें लिहितों, ही कांहीं परीक्षा नव्हे. गोष्ट समजली म्हणजे झालें." वडील मंडळी वहीचें पहिलें पान पाहतात, 'हिला वेलांटी कोणती द्यावी तेंही कळत नाहीं' असें म्हणतात आणि वही मिटतात. ती वही बहुधा पुन्हा उघडत नाहीं. दोन्ही पक्षांनीं हा प्रश्न अर्धाच पाहिला आहे, असें मला वाटतें. आणि तो पुरा पाहण्यास बारामतीसारखें दुसरें गांव नाहीं.

बारामतीस कऱ्हेच्या कांठीं मोरोपंत पराडकरांनीं आपलें बहुतेक आयुष्य घालविलें. जन्म पन्हाळ्याचा, १७२९ सालचा. अध्ययन पाध्ये बंधूंपाशीं. पुढें बाबूजी नाईक बारामतीकरांच्या आश्रयास राहून पुराण सांगावें आणि काव्य रचावें, हा त्यांचा क्रम १७९४ सालीं देह ठेवीपर्यंत चालला. रामायण त्यांनीं एकदां नव्हे, एकशेंआठ वेळां लिहिलें असें परंपरा सांगते. महाभारताचीं अठराही पर्वें त्यांनीं मराठींत उतरविलीं. या सर्व ग्रंथसंभारांत त्यांनीं स्वतः जन्मास घातलेलें पात्र शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागणार नाहीं. वाल्मीकीचा आणि व्यासाचा इतका निष्ठावंत चाहता महाराष्ट्रांत दुसरा दाखवितां येईल असें वाटत नाहीं.

आतां विचार करावा. पंतांच्या श्रोत्यांस राम वनांतून परत येतो कीं नाहीं याची उत्सुकता होती काय? ती गोष्ट तर पाळण्यांतच कानावर पडलेली. मग दहाव्या, पन्नासाव्या, एकशेंआठव्या रामायणांत ऐकण्यासारखें उरतें तें काय? कथा उसनी घेतली कीं लिहिणाऱ्याच्या पदरचीं दोनच द्रव्यें उरतात: पाहण्याची दृष्टि आणि भाषा; आणि दृष्टि तरी अखेर भाषेवांचून दिसावी कशी? म्हणून मुलांचें म्हणणें मला नेमकें उलटें वाटतें. स्वतंत्र कथानक रचणारा ग्रंथकार उत्कंठेच्या ओघांत चार चुका पचवून नेईल. चाहत्याच्या हातीं ती उत्कंठा पुरती नसते. पात्रें परिचित, प्रसंग परिचित. वाचकाची नजर मोकळी असते आणि ती शब्दावरच जाऊन पडते.

पंतांनीं हें ओळखलें होतें. त्यांच्या मंत्ररामायणांत 'श्रीराम जयराम जयजयराम' या तेरा अक्षरांच्या मंत्राचीं अक्षरें गुंफिलेलीं आहेत. निरोष्ठ रामायणांत त्यांनीं ओठ मिटवून उच्चारावयाचें एकही अक्षर येऊं दिलें नाहीं. ही अट किती कठीण आहे हें पाहावयाचें असेल तर घरच्या मुलांना एक खेळ घालून द्यावा: प, फ, ब, भ, म हीं पांच अक्षरें न वापरतां रामकथा सांगा. भरत गेला, लक्ष्मण गेला, बिभीषण आणि कुंभकर्ण गेले, हनुमानही गेला. मी, आम्ही, तुम्ही हीं सर्वनामें गेलीं. सर्वांत कठीण म्हणजे खुद्द 'राम' गेला! ज्याच्या नांवासाठीं हा सारा खटाटोप, त्याचें तें लाडकें नांवच घेतां येत नाहीं. (दंडीच्या दशकुमारचरितांत मंत्रगुप्ताचे ओठ दुखत असल्यामुळें तो आपला वृत्तांत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, पंतांपुढें तो कित्ता असावा.) अशा रचनेंत एक अक्षर चुकलें तर तें मुद्रणदोषांत जमा करून भागत नाहीं. सबंध काव्याची प्रतिज्ञाच मोडते.

मात्रांचेंही तसेंच. पंतांच्या आर्या बहुतांशीं गीति या जातीच्या आहेत. चरणांच्या मात्रा अनुक्रमें बारा, अठरा, बारा, अठरा. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. 'कवि' लिहिलें तर दोन मात्रा झाल्या, 'कवी' लिहिलें तर तीन. तेव्हां येथें वेलांटी म्हणजे शाळेंतील शिस्त नव्हे. तें तराजूंतलें वजन आहे. पंतांनीं ऱ्हस्वाचें दीर्घ केलें नाहीं असें नाहीं. माषाचा मष करावा पण छंद मोडूं नये, हें जुन्या पंडितांचें मत त्यांस ठाऊक होतें. परंतु जाणून वाकविणें आणि न जाणतां वाकडें होणें यांत अंतर आहे. विडंबनकारासही हाच न्याय. १९२५ सालीं केशवकुमारांचीं 'झेंडूचीं फुलें' निघालीं, तीं हंसवितात याचें एक कारण म्हणजे त्यांचीं वृत्तें चोख आहेत. लंगड्या वृत्तांत थट्टा लिहिणाऱ्याचीच होते.

येथवर वाचून शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनीं मिशांवर ताव दिला असेल. त्यांनीं आतां माझ्याबरोबर बारामतीहून पूर्वेस इंदापुरास यावें. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अंमलदारांनीं जमिनीची जी मोजणी व आकारणी प्रथम इंदापूर तालुक्यांत केली, तीच पद्धति पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरली. त्या काळीं गांवचा कुळकर्णी मोडी लिहीत असे. आणि मोडींत इकार एकच, उकारही एकच. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती लिपि करीतच नाहीं. म्हणून कोणाचें शेत दुसऱ्याच्या नांवें चढलें काय? वतनें, करार, कर्जरोखे, जन्मभरच्या भाऊबंदक्या, सर्व कांहीं त्या लिपींत सुखेनैव चाललें. अर्थात् वेलांटीचा नियम हा मराठी भाषेचा प्राण होय, असें जें आपण मानतों तें खरें नव्हे. तो एक संकेत आहे, आणि संकेत बदलतात. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनानें १९६२ सालीं मान्य केले, १९७२ सालीं आणखी चार आले. त्यांनीं 'कवि'चा 'कवी' केला, न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांस निरोप दिला, आणि कवितेस वृत्तापुरती मोकळीकही ठेवली. या लेखांत जागोजाग जे अनुस्वार दिसतात ते त्या नियमांप्रमाणें अनावश्यक आहेत. मला त्यांची आवड आहे आणि संपादक सोशिक आहेत, इतकेंच. पूर्वीं 'तें' म्हटलें कीं मूल किंवा घर समजावें आणि 'ते' म्हटलें कीं अनेक पुरुष. आतां दोहोंस एकच रूप; तरी घोटाळा होत नाहीं, कारण 'ते आले' आणि 'ते आलं' यांतील क्रियापद अर्थ सांभाळून घेतें. नियमाचा टिळा पुसला तरी व्याकरणाचें काम आंत चालूच असतें.

मग चाहत्याच्या वहींत काय तपासावें? जेथें अक्षर अर्थ वाहतें, तेथें तपासावें. कर्णाचेंच उदाहरण घ्या. शिवाजी सावंतांचें 'मृत्युंजय' १९६७ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून कर्णाच्या मुखानें बोलण्याची हौस मराठी मुलांस फार. सुत म्हणजे पुत्र. सूत म्हणजे सारथी. तो कुंतीचा सुत आहे, आणि जग त्याला सूताचा पोर म्हणून हिणवितें. त्याच्या आयुष्याचें सारें दुःख एका उकाराच्या लांबीवर तोललेलें आहे! येथें जो मुलगा 'मी सुत म्हणून वाढलों' असें लिहितो, त्याला लाल रेघ नको, ही गोष्ट सांगावयास हवी. एकदां सांगितली कीं तो उकार जन्मांत विसरणार नाहीं. उलट, 'आणि'ला त्यानें दुसरी वेलांटी दिली तर कुरुक्षेत्रावर कांहीं फरक पडत नाहीं. तें मागाहून दुरुस्त करतां येतें.

वेलांटीपेक्षां माझें लक्ष सर्वनामांकडे अधिक जातें. उसन्या पात्रांच्या कथेंत सर्वनाम हें अर्धें पात्रच असतें. संस्कृतांत 'त्वम्' आणि 'भवान्' असे दोन मार्ग आहेत, आणि 'भवान्' म्हटलें कीं क्रियापद तृतीय पुरुषीं न्यावें लागतें. समोरच्या माणसाविषयीं तो दुसरीकडे असल्यासारखें बोलावयाचें, हीच त्यांतली अदब. मराठींत तूं, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत. द्रौपदी भीष्मांस भर सभेंत कोणत्या पायरीवरून बोलते, आणि रागानें ती पायरी सुटते काय, हें ठरविल्यावांचून तो प्रसंग लिहितांच येत नाहीं. दुसरी खोड सार्वत्रिक आहे. दोन स्त्रिया बोलत असतात आणि मूल लिहितें: 'तिनें तिला सांगितलें कीं, तिचा दोष नाहीं.' यांत शुद्धलेखनाची चूक एकही नाहीं, आणि दोष कोणाचा नाहीं तें ब्रह्मदेवासही कळावयाचें नाहीं.

आतां बोलीविषयीं, कारण आपल्या घरांतून अन्याय होतो तो येथें. भीमा-नीरेच्या टापूंतील मूल 'न्हाई', 'व्हतं', 'पानी' असें बोलतें आणि आपण त्यास अशुद्ध म्हणतों. आपण स्वतः घाईंत 'गेलों होतों' याचें 'गेल्तो' करतों, तें मात्र आपल्या कानास खटकत नाहीं. पानीचा 'न' ही चूक नव्हे. तो त्या बोलीचा नियमच आहे, आणि ती बोलणारा तो आपल्याइतक्याच काटेकोरपणें पाळतो. शिवाय रामकथेच्या चाहत्यांत सर्वांत मोठा वर्ग कोणता म्हणाल, तर जात्यावर बसणाऱ्या बायकांचा. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनीं खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो, आणि तो सीतेच्या बाजूनें येतो. या कवयित्रींपैकीं बहुतेकींनीं पाटीवर अक्षर काढलेलें नव्हतें. त्यांच्यापाशीं शुद्धलेखन नव्हतें. परंतु तिसऱ्या ओळींत कोणता शब्द बसत नाहीं तें त्यांचा कान बिनचूक सांगे.

इंदापूर तालुक्यांतील एका गांवाहून नववींत शिकावयास येणाऱ्या एका मुलीनें सीतात्यागावर गोष्ट लिहिली होती. तिची सीता रथांतून विचारते, "लक्ष्मना, रथ हितंच का थांबिवलास? तू बोलत का न्हाईस? पानी पन दिसंना कुठं." कोणा परीक्षकानें या ओळी लाल शाईनें समूळ खोडल्या होत्या, आणि मुलीनें पुढचीं पानें कोरीं ठेविलीं होतीं. मी तिला म्हटलें, सीतेचें बोलणें आहे तसें राहूं दे. कथा सांगणारी जी तूं, तिचीं वाक्यें तेवढीं नीट कर. तिनें सांगणारीच्या वाक्यांत पाणी केलें, सीतेच्या तोंडीं पानी ठेविलें, आणि गोष्ट पुरी केली. घरीं आजीला वाचून दाखविली. आजीला सही करतां येत नव्हती. सगळें ऐकून घेतल्यावर म्हातारीनें एकच दुरुस्ती सांगितली: पुढें लक्ष्मण सीतेला "तू उतर" म्हणतो, तें बरोबर नाहीं. भावजय आहे ती, आणि तो तिला रानांत सोडावयास आला आहे. त्याच्या तोंडून "तू" निघेलच कसें? मुलीनें तें "वैनी, उतरा" असें केलें.