पहिले सिझेरियन आणि पुढील बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडील जुना प्रघात. ते सिझेरियन शस्त्रक्रियेने झाले तर बाळ-बाळंतीण यथाकाल सासरी परततात. रुग्णालयाने दिलेला कागद मात्र बहुधा माहेरच्या ट्रंकेतच राहतो. बारशाचे फोटो जपले जातात, हा कागद नाही. दुसऱ्या खेपेस डॉक्टरांना नेमका तोच हवा असतो.

पोटावरील व्रण दिसतो, गर्भाशयावरील दिसत नाही. आणि वरचा छेद आडवा म्हणून आतलाही आडवाच असेल असे नाही. गर्भाशयाच्या खालच्या भागात एकच आडवा छेद घेतला असेल, तर पुढे कळांच्या वेळी तो उसवण्याचा संभव सुमारे २०० मध्ये १ एवढाच असतो. योग्य पारख करून प्रयत्न केल्यास अशा चारांपैकी सुमारे तिघी नैसर्गिक रीत्या प्रसूत होतात. "एकदा सिझेरियन म्हणजे कायम सिझेरियन" ही समजूत म्हणूनच खरी नव्हे. छेद उभा व वरच्या भागापर्यंत गेलेला असल्यास मात्र धोका कितीतरी वाढतो आणि कळांची वाट न पाहता शस्त्रक्रिया करणेच इष्ट ठरते. दोन प्रसूतींत दीड वर्षाहून कमी अंतर असले तरीही व्रण उसवण्याचा संभव वाढतो.

दुसरा धोका वारेचा, आणि तो अधिक फसवा आहे. जुन्या व्रणावर रुजलेली वार कधी कधी स्नायूत खोल शिरते. प्रसूतीनंतर ती सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही, प्रसंगी गर्भाशयच काढावे लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, गर्भाशयाच्या तोंडावर वार आलेल्या स्त्रियांपैकी पूर्वी एक सिझेरियन झालेल्यांत ११ टक्के, तर दोन झालेल्यांत ४० टक्के जणींची वार अशी रुतलेली आढळली. सोनोग्राफीत वारेची जागा आवर्जून पाहावयाची ती याकरिता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २० टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते २५ टक्क्यांवर गेले. तेव्हा हा प्रश्न आता थोड्या घरांचा राहिलेला नाही.

अशा भगिनींनी दिवस राहताच नाव नोंदवावे आणि शस्त्रक्रिया व रक्त यांची सोय असलेले रुग्णालय आधीच ठरवावे. कळा सुरू झाल्यावर, रक्त जाऊ लागल्यास किंवा दोन कळांच्या मध्येही पोट दुखत राहिल्यास घरी थांबू नये. शासकीय रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझेरियन, रक्त व वाहन यांची सोय विनामूल्य आहे. जुना कागद हरवला असल्यास पूर्वीच्या रुग्णालयाकडे शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागावी. पहिल्या तपासणीला जातानाच ती हाती असलेली बरी.