गोळी सुरू झाली, पुढे काय?

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती मात्र लगेच जाणवते. म्हणून कित्येक जण गोळी मध्येच सोडतात आणि डॉक्टरांना ते कळतही नाही.

अमेरिकेत सिएटल परिसरातील फॅमिली डॉक्टरांच्या ६१३ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना नुसता अहवाल पाठवून फरक पडला नाही. ज्या रुग्णांना फोन करून ‘गोळी घेता का? त्रास होतो का?’ असे विचारले आणि त्यावरून डॉक्टरांना सल्ला दिला, त्यांना जास्त आराम पडला.

नैराश्य हा आजार आहे, ईमानाची कमजोरी नव्हे. सासरी असलेली बहीण अशी गोळी घेत असेल, तर दुआ कराच. पण फोन करून हेच दोन प्रश्नही विचारा. गोळी सोडावीशी वाटली, तर आधी डॉक्टरांशी बोलायला सांगा. सरकारी ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक आहे १४४१६.