'सुदाम्याचे पोहे' अजून शिळे का झाले नाहीत?

बीड, अंबाजोगाई किंवा परळीत जुने माळवदाचे घर उतरवले जाते, तेव्हा कोनाड्यांतील पिवळी पडलेली पुस्तके बहुधा रद्दीच्या तराजूत जातात. त्यांत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' आढळल्यास ते विकण्यापूर्वी आतील शीर्षकपान अवश्य पाहावे.

वऱ्हाडात वकिली करणाऱ्या कोल्हटकरांनी (१८७१-१९३४) 'विविधज्ञानविस्तार' मासिकात १९०२ साली 'साक्षीदार' हा लेख लिहिला आणि मराठी विनोदी लेखनाला नवे वळण लागले. पुढील लेखांचा संग्रह १९१० मध्ये 'अठरा धान्यांचे कडबोळे' या उपशीर्षकाने निघाला. १९२३ च्या वाढीव संग्रहाचे उपशीर्षक होते 'साहित्य-बत्तिशी'. प्रत अठरा लेखांची की बत्तीस, हे त्यावरूनच कळते. ही कादंबरी नव्हे. परंतु सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट लेखोलेखी भेटत राहते, त्यामुळे वाचकाच्या मनात एका अखंड कथेसारखा समाज उभा राहतो.

या लेखांची युक्ती साधी आहे. सुदामा रूढींवर तुटून पडत नाही. तो भाबडेपणाने त्यांचे समर्थन करतो. समर्थन जितके गंभीर, तितकी रूढी हास्यास्पद ठरते. वाचक हसतो आणि आपण स्वतःलाच हसलो, हे त्याला नंतर उमगते.

बीड जिल्ह्यात अशा प्रतीला आणखी एक अर्थ आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू होती आणि मराठी पुस्तके मुख्यतः पुण्या-मुंबईत छापली जात. त्या काळी येथे पोहोचलेले पुस्तक कोणीतरी मुद्दाम मागवलेले असणार. म्हणून पहिल्या पानावरील सही, वाचनालयाचा शिक्का, समासातील खुणा यांना मोल आहे. लेखांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला असून मजकूर पुन्हा छापता येतो. या खुणा मात्र छापता येत नाहीत.

कोल्हटकरांनी ज्या वृत्तीची थट्टा केली, ती मात्र अद्याप रद्दीत गेलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) बीडमधील २० ते २४ वयोगटातील सुमारे ४४ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाला होता. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. यामागे केवळ रूढी नाही. ऊसतोडीची उचल नवरा-बायकोच्या 'कोयत्या'वर मिळते आणि आईवडील फडावर गेल्यावर वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न असतो. हे दुखणे विनोदाने बरे होणारे नव्हे. परंतु 'असेच चालत आले आहे' हे उत्तर पुरेसे मानणाऱ्यांना अस्वस्थ करण्याचे सामर्थ्य सुदाम्याच्या भाबड्या वकिलीत आजही आहे.

रद्दीच्या भावात ही प्रत काही रुपयांची ठरेल. वाचणाऱ्याच्या हाती गेली, तर तिची किंमत निराळी असेल.