सूर्य सर्वांचा, छप्पर कोणाचे?

भारताच्या सौरऊर्जा धोरणाचा हिशेब मेगावॅटमध्ये मांडला जातो. तो सामाजिक न्यायाच्या कसोटीवरही मांडावा, असे आम्हांस वाटते. या आग्रहास इतिहासाचा आधार आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विजेचाही विषय होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी धोरण समितीपुढील भाषणात त्यांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्याशी जोडला. वीज स्वस्त व मुबलक हवी. तिच्यावाचून औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणावाचून गरिबीतून सुटका नाही, हा त्यांचा विचार होता.

२०१० साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले. २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅटचे मूळ उद्दिष्ट २०१५ मध्ये १ लाखावर नेण्यात आले. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताने २०३० पर्यंत कोळसा, तेल व वायू वगळून अन्य स्रोतांची ५ लाख मेगावॅट क्षमता उभारण्याचा संकल्प जाहीर केला. ही झेप निश्चितच मोठी आहे.

परंतु लाभ कोणत्या दारातून येतो, हे पाहिले पाहिजे. २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेतून सौर कृषिपंप मिळतो. महाराष्ट्रात त्यासाठी सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्केच रक्कम भरावी लागते. सवलत स्वागतार्ह आहे. पण त्यासाठी नावावर सातबारा हवा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपये अनुदान आहे; पण त्यासाठी संच पेलणारे हक्काचे छप्पर हवे. ज्या शेतमजुराकडे दोन्ही नाही, तो उंबरठ्याबाहेरच राहतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह ज्या प्रश्नासाठी उभारले, तोच प्रश्न येथे नव्या रूपात उभा आहे.

शिवाय, एका मेगावॅटच्या प्रकल्पास साधारण चार-पाच एकर जमीन लागते. ती गायरानातून द्यावयाची असेल, तर ते गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. वस्तीसाठी सामूहिक सौरसंच उभारून त्यातील वाटा प्रत्येक घराच्या वीजबिलातून वजा करणे, हा एक न्याय्य मार्ग आहे.

आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत पात्र कुटुंबांचे अर्ज भरून द्यावेत आणि जी कुटुंबे पात्रच ठरत नाहीत, त्यांचा प्रश्न ग्रामसभेत मांडावा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या संदेशाचे हेही आचरणच होय.